हात हलला की चालणारं घड्याळ

आमच्या घरात काही महिने जी काही वादावादी झाली ती सगळी दादांच्या घड्याळावरून. दादा म्हणजे माझे वडील, नगर डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर. घड्याळ ऑटोमॅटिक होतं, फौजेतल्या काकांनी कॅन्टीनमधून आणून दिलेलं. त्याला चावी नव्हती आणि सेलही नव्हता. मनगटावर बांधायचं, हात हलेल तसं आत काहीतरी फिरायचं आणि त्या जोरावर काटे चालायचे. रात्री काढून खिळ्याला अडकवलं तरी दिवसभराच्या कमाईवर ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुखानं चाललेलं असायचं. दादा एकदा तापानं आठवडाभर अंथरुणात होते, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर गप्प पडलं होतं. आई म्हणायची, "मानूस हलला की हलतंय, मानूस बसला की बसतंय. नवऱ्यापरीस घड्याळ इमानी."

मला या गोष्टीचं भारी नवल वाटायचं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी मोजत बसायची. आई याला नसत्या चौकशा म्हणायची. म्हणू दे. जगात एक वस्तू अशी आहे की जिला माणूस हलला का नाही ते कळतं, आणि ती आमच्या खिळ्याला टांगलेली आहे, मग मी गप्प कशी बसणार?

नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल, त्या दिवाळीनंतर ते घड्याळ बंद पडायला लागलं. म्हणजे अगदी ठप्प नाही. सकाळी दादा उठले की खिळ्यावर ते पहाटेचीच कुठली तरी वेळ धरून बसलेलं. दादा ते झटकायचे, पुन्हा लावायचे, बांधून जायचे. पण ड्यूटीवरही ते मागं पडू लागलं आणि दादांना डेपोत पोचायला दोनदा उशीर झाला. दुसऱ्या वेळी साहेबांनी सगळ्यांच्या देखत बोलून घेतलं. ज्या माणसाची गाडी बघून वाटेवरच्या गावातले लोक आपली घड्याळं लावायचे, त्याला उशिराबद्दल बोलणी खावी लागली. त्या दिवशी दादा जेवलेच नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण रागवायचं कुणावर, घड्याळावर?

मग कापड बाजाराजवळच्या घड्याळजीकडे फेऱ्या सुरू झाल्या. त्यानं ते उघडलं, साफ केलं, तेल दिलं आणि चार दिवस स्वतःच्या मनगटावर वागवलं. त्याच्या हातावर एकदम ठणठणीत. दादांच्या हातावर आलं की पुन्हा रडगाणं. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी बरोबर गेले होते. मी हट्टच धरला म्हणून त्यानं मागचं झाकण काढून भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. आत अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक वजन होतं, मधोमध टोचलेलं. घड्याळ कलतं केलं की ते भर्रकन खाली यायचं, आणि तेवढी स्प्रिंग गुंडाळली जायची. मी विचारलं, एस.टी. एवढी खडखडते, त्यानं हे फिरत नाही का? तो म्हणाला, नुसत्या थरथरीनं फार काही होत नाही, हात झुलावा लागतो. वस्तूत दोष नाही, पैसे घेणार नाही, आता परत आणू नका, असंही म्हणाला.

आईचं मत पडलं की घड्याळाला कुणाची तरी नजर लागली, सरळ सेलचं घ्या. दादांचा बाणा मोडेन पण वाकणार नाही. भावानं दिलेली वस्तू ते टाकणार नव्हते. बोलून बोलून शेवटी घड्याळ आठवडाभर घरीच राहिलं, दादा दुसऱ्याचं मागून घालून गेले, आणि मला रान मोकळं मिळालं.

मी ठरवलं की हे घड्याळ कुणाच्या हातावर किती कमावतं ते बघायचं. दिवसभर एकानं घालायचं, रात्री खिळ्याला लावायचं, आणि सकाळी कुठवर पोचलंय ते पाहायचं. पहिल्या दिवशी मी घातलं. कॉलेज, वही, पुस्तक, परत येऊन पुन्हा पुस्तक. सकाळी बघते तर बिचारं झोपलेलं. दुसऱ्या दिवशी आईच्या हातात बांधलं. तिनं आधी नाही नाही केलं, मग भाकरी थापताना, धुणं आपटताना, पाणी शेंदताना सगळ्या आळीला दाखवत फिरली. तिच्या कमाईवर ते दुसऱ्या दिवशी दुपार टळून गेली तरी चालत होतं. आई मला म्हणाली की आता साक्षीदार मिळाला, या घरात कोण राबतंय आणि कोण लोळतंय ते. पुढं कितीतरी दिवस मी जरा टेकले की ती नुसती खिळ्याकडे बोट दाखवायची.

मला मात्र त्यातून वेगळीच गंमत दिसायला लागली. थापणं आणि आपटणं घड्याळाला आवडतं, लिहिणं आवडत नाही. आईनं नुसतं निवडत बसायचं काम केलं त्या दिवशी कमाई माझ्याइतकीच निघाली. म्हणजे नुसतं खिळ्याकडे बघून, माणूस डोळ्यासमोर नसताना, त्यानं काल काय केलं याचा अंदाज येत होता. वर्षभर असं बघत राहिलं तर त्या माणसाचं सगळं वर्ष वाचता येईल की काय, असल्या विचारानं मला झोप येईना. सुतावरून स्वर्ग गाठायची सवय माझी जुनीच.

मग मी ते शेजारच्या चाचींच्या एका बकरीच्या गळ्यात दोरीनं बांधलं. सावेडीत तेव्हा चहूकडं बंगले उठत होते, पण आमच्या कडेच्या आळीत पत्र्याची घरं होती आणि चाचींच्या दोन बकऱ्या होत्या. चाची स्वतः हसत हसत बकरी धरायला उभ्या राहिल्या. बकरीची कमाई काय झाली ते कधी कळलंच नाही, कारण तासाभरात दुसऱ्या बकरीनं चामडी पट्टा खाल्ला. दादांनी संध्याकाळी ते दोरीला बांधलेलं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं आता पडणार एक. ते म्हणाले, बकरीला तरी उशिराबद्दल कोण बोलणार न्हाई, आणि स्वतःच हसले. त्या दिवसांत ते हसले की घराला बरं वाटायचं.

त्याच रात्री जेवताना मी माझा हिशेब मांडला. आपल्याकडच्या गाडीत स्टेरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. घड्याळही डाव्याच मनगटावर. नगरपासून नेवाशापर्यंत गिअर टाकणारा हात दिवसभरात किती हलत असेल? म्हणजे आईच्यापेक्षाही दादांची कमाई जास्त यायला हवी. मग ते दादांच्याच हातावर का झोपतं? हे मी कोडं सुटल्याच्या आनंदात बोलून गेले, खरं तर सुटलं काहीच नव्हतं. आई म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला.  दादांनी डावा हात ताटाजवळून मांडीवर घेतला.

चारच दिवसांत दादांनी स्वतः इलाज शोधला. पट्टा नवा घातला आणि घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. सकाळी खिळ्यावर बघतो तर टकटक चालू. दुसऱ्या दिवशीही चालू. आठवडा गेला, काटा ढळला नाही. आईला कोण आनंद. तिनं गुळाचा शिरा केला आणि चाचींना वाटीभर देऊन आली. घड्याळालाही कूस बदलावी लागते, एवढीच गोष्ट होती म्हणे. दादा उजवा हात पुढं करून वेळ सांगायचे आणि आई त्यांच्याकडे कौतुकानं बघायची.

मला मात्र ते पटेना. घड्याळ तेच, माणूस तोच, बदलला फक्त हात. आणि काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात तसं आम्ही तीन-तीनदा घड्याळ उघडून बघितलं. ज्या हातावर ते बांधलेलं होतं, तो हात कुणी उघडून बघितला नव्हता. मग एकेक आठवायला लागलं. शर्टाच्या उजव्या बाहीला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ ते डावीला लावायचे. जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी लेझमीच्या पहिल्या ओळीत असणारे दादा त्या वर्षी पांढरेशुभ्र कपडे घालून कडेकडेनं चालले होते. आईनं विचारलं तर म्हणाले, आता पोरांनी खेळावं. मला तेव्हा ते मोठेपणाचं लक्षण वाटलं होतं.

हे बोलायचं कुणाजवळ? आईला सांगावं तर ती हंबरडा फोडणार. आणि ड्रायव्हरच्या हाताबद्दल बोलणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. दादांच्या एका जोडीदाराची नजर कमी झाली तेव्हा त्याला स्टेरिंगवरून उतरवून फाटकावर बसवलं होतं. पगार फारसा कमी झाला नाही, पण तो गडी वर्षात वाळून गेला. आमचं गाव नेवाशाच्या अलीकडचं, आमच्या आजोबांना जातीपायी गाडीत मागं उभं राहून जावं लागलं होतं, आणि त्यांचा मुलगा त्याच रस्त्यावर अख्खी गाडी हाकत होता. दादा घरी कमी बोलायचे, पण गाव आलं की हॉर्न जरा लांब वाजवायचे. तो खाकी सदरा त्यांच्यासाठी काय होता ते मला माहीत होतं. म्हणून आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. आत्याकडे जाते असं सांगून मी एका सकाळी त्यांच्याच गाडीत, त्यांच्या मागच्या सीटवर बसले.

नगर सोडेपर्यंत मला काही दिसलं नाही, आणि मनातून फार हायसं वाटलं. मग नीट बघायला लागले. दादा पूर्वी गिअर टाकायचे तो हात नुसता मनगटातून खेळायचा. आता ते आधी खांदा पुढं काढायचे, मग खांद्यानं हात ढकलल्यासारखा जायचा. शक्यतो गिअर बदलायचाच नाही असं चाललं होतं. गाडी चढावर कण्हायला लागली तरी ते तसेच रेटायचे. काम झालं की डावा हात परत स्टेरिंगवर जायला विसरायचा, मांडीवर पडून राहायचा, आणि मग त्यांना आठवलं की वर यायचा. गाडीत माझ्या पलीकडे एक बाई तान्हं लेकरू मांडीवर घेऊन खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्या पायाशी पिशवीत कोंबडी होती, ती अधूनमधून मान काढून बघायची.

इमामपूरच्या घाटात समोरून ट्रक आला. गाडी हळू झाली, गिअर खाली घ्यायला हवा होता. डावा हात उठला, दांडीपर्यंत गेला आणि तिथंच थबकला. दादांनी उजवा हात स्टेरिंगवरून काढला, छातीवरून आडवा नेला आणि उजव्या हातानं गिअर ओढला. क्षणभर स्टेरिंगवर कुणाचाच हात नव्हता. ट्रक बाजूनं निघून गेला, गाडी घाट उतरली, कुणाला काही कळलंही नाही. त्या बाईची तर झोपही मोडली नाही.  मला दादांची भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

नेवाशाला गाडी लागली. परतीच्या फेरीला अर्धा तास होता. दादा चहाच्या टपरीकडे चालले आणि मी मुद्दाम मागं राहिले. त्यांचा उजवा हात ऐटीत पुढं-मागं होत होता. डावा कोपरात दुमडून पोटाशी धरलेला, जणू काखेत छत्री आहे. छत्री नव्हती. डॉक्टरांनी पुढं याला कंपवात म्हटलं, आणि आईनं शेवटपर्यंत ते मानलं नाही, कारण कंप तर कुठं दिसतच नव्हता. पण त्या दिवशी माझ्याजवळ नाव नव्हतं, नुसता तो न हलणारा हात होता.

बाकावर बसलो. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी उडून गेली. "दादा," मी म्हटलं, "घड्याळात काई बिघाड न्हाई. तुमचा डावा हात हलंना झालाय."

त्यांनी बशीत चहा ओतला, उजव्या हातानं. सावकाश पिऊन झाला. मग म्हणाले, "तुला आत्ता दिसलं व्हय? मला दिवाळीपास्नं ठावं हाय."

मी चक्रावले. मग त्या घड्याळजीकडच्या फेऱ्या? तो उजव्या मनगटाचा इलाज? ते म्हणाले, फेऱ्या मारल्या तेव्हा वाटत होतं, देवा, घड्याळातच काही निघू दे. देव न मानणारा माणूस हे बोलला. तिसऱ्या वेळी काही निघालं नाही तेव्हा त्यांची आशा संपली. आणि मग मी जेवताना तो हिशेब मांडला. "घड्याळ चालू ऱ्हायलं की कुनी हाताकडं बघत न्हाई, बाई. म्हनून हात बदलला." माझ्या सगळ्या हुशारीनं एवढंच केलं होतं, त्यांना लपायची जागा दाखवली होती. त्यांनी मला विनवणी केली नाही. एवढंच म्हणाले की तुझं कॉलेज होईपर्यंत तरी रेटू, सवय झालीये, घाटातला एकेक दगड ओळखीचा आहे.

खरं सांगते, मला त्या वेळी हो म्हणावंसं वाटलं. त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. पण तोंडातून राग आला. माझं असंच आहे, दुःख झालं की मी भांडते. "घाटात उजव्या हातानं गिअर टाकला तुमी. मागं ती बाई लेकरू घिऊन झोपली हुती."

दादांनी बशी खाली ठेवली. त्यांनी गाडीकडे पाहिलं. परतीचे लोक चढायला लागले होते, कंडक्टर दारात उभा राहून नगर, नगर ओरडत होता, एक म्हातारी वर चढायला त्याचा हात धरत होती.  मग दादांनी विचारलं, "झोपली हुती?"

मी मान हलवली.

ते उठले. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावली. शेवटचं गळ्याजवळचं बटण डाव्या हातानं धरता येईना, मी लावायला गेले तर मला थांबवलं आणि स्वतःच लावलं, कितीही वेळ लागला तरी. मग सरळ कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं. दादा उभे, साहेब बसलेले. दादांनी डावा हात टेबलावर ठेवून दाखवला. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग उठून खुर्ची पुढं केली. दादा खुर्चीत बसले नाहीत. थोड्या वेळानं नेवासा डेपोचा एक तरणा ड्रायव्हर डबा तसाच टाकून धावत आला.

कंडक्टरनं दादांना पुढची सीट झटकून दिली. दादांनी नको म्हटलं आणि मध्ये कुठंतरी खिडकीशी जाऊन बसले. मी शेजारी. खाकी कपड्यांतला माणूस असा मध्येच बसलेला बघून लोक वळून बघत होते. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं विचारलंच, की आज तुमी इकडं कसं? दादा म्हणाले, जरा गाडीतनं गाव बघावं म्हटलं. तो हसला. दादाही हसले.

नेवासा फाटा मागं पडला, घोडेगाव मागं पडलं. पोरगा गाडी चांगली चालवत होता, थोडी जोरात, पण चांगली. दादा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला, त्यांनी घेऊ दिला. हात नेहमीसारखाच होता, खडबडीत आणि गरम. 

घाट लागला तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. पहिलं वळण यायच्या आधी दादांचा उजवा पाय बुटासकट समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. वळण गेलं, पाय सैल झाला. दुसरं वळण आलं, पुन्हा दाबला. चेहरा बाहेर, डोळे शेतांवर, आणि पाय आपला प्रत्येक वळणाला, प्रत्येक ट्रकला, रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक म्हशीला ब्रेक मारतोय. त्यांना ते माहीतही नसावं. नगर येईपर्यंत त्यांनी ती सगळी गाडी, आतल्या सगळ्या माणसांसकट, त्या पत्र्यावरून सांभाळत आणली.

स्टँडवर गाडी लागली. माणसं उतरली, म्हातारीला कंडक्टरनं उतरवलं, नवा ड्रायव्हर दार आपटून निघून गेला. दादा बसलेलेच होते. पाय तसाच दाबलेला, सगळा जोर लावून.

"दादा," मी म्हटलं, "थांबली गाडी."

त्यांनी खाली पाहिलं. मग सावकाश पाय उचलला.